सर्व्हर अपडेट झाला, जिओसर्व्हरचे काय?

प्रश्न : वेबवर नकाशे द्यायचे आहेत. लिनक्स बरे की जिओसर्व्हर?

ही निवडच नाही. लिनक्स यंत्र चालवते. जिओसर्व्हर हा त्यावर जावाच्या आधाराने चालणारा, वेबवर नकाशे पुरवणारा प्रोग्रॅम आहे. तो विंडोजवरही चालतो.

प्रश्न : लीफलेटमध्ये (वेबपानावर नकाशा दाखवणारी लायब्ररी) खूण भलत्याच देशात पडते.

लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा ठेवण्याचा फाइल-प्रकार) आधी रेखांश असतो. क्रम तपासा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, सॉफ्टवेअर मुक्त आहे, तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाच्या टाइल्सही (नकाशाची तयार चौकोनी चित्रे) हव्या तितक्या उतरवा. खरे का?

नाही. डेटा ओडीबीएल या खुल्या डेटाच्या परवान्याखाली मुक्त आहे, पण टाइल्सचा सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि तिथून घाऊक डाउनलोडला मनाई आहे. नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचे श्रेयही दिसले पाहिजे. असे सांगून माल खपवणाऱ्याकडे परवान्याची प्रत मागा. डेटा आपल्या उत्पादनात मिसळणार असाल तर आधी परवाने जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : सर्व्हरवर अपडेट आपोआप होतात. मग जिओसर्व्हर सुरक्षितच ना?

हाच गैरसमज सर्वांत महागात पडतो. एपीटी (डेबियन-उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणारे साधन) फक्त पॅकेज म्हणून बसवलेल्या गोष्टी अद्ययावत करते. जिओसर्व्हर बहुधा वॉर फाइल (जावा वेबप्रोग्रॅमचे गाठोडे) म्हणून टॉमकॅट या जावा वेबसर्व्हरमध्ये टाकलेला असतो. एपीटीला त्याचा पत्ताच नसतो. वर्षभर नेमाने अपडेट झालेल्या यंत्रावरही तो जुनाच राहतो. २०२४ मध्ये त्यात असे भगदाड सापडले, की लॉगिन न करताही बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. दुरुस्ती २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ या आवृत्त्यांत आली. आपल्या मालिकेतल्या (२.२३, २.२४, २.२५) दुरुस्त आवृत्तीहून जुने काही चालू असेल तर आजच थांबवा.

आवृत्ती अॅडमिन पानावर ‘अबाउट’मध्ये दिसते. आवृत्ती बदलण्याआधी डेटा डिरेक्टरी (जिओसर्व्हरच्या मांडणीचा फोल्डर) कुठे आहे ते पाहा. ती टॉमकॅटच्या वेबअॅप्समधल्या जिओसर्व्हर फोल्डरातच असेल, तर नवी वॉर चढवताना टॉमकॅट जुना फोल्डर पुसतो आणि तुमचे सगळे लेअर, स्टाइल आणि पासवर्ड त्याबरोबर जातात. म्हणून ती बाहेर हलवा, प्रत काढा, नवी आवृत्ती आधी चाचणीच्या यंत्रावर चढवा. ‘अॅडमिन’ खात्याचा मूळ पासवर्ड ‘जिओसर्व्हर’ असतो, तो बदला. टॉमकॅटचे ८०८० पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. यातले काही अनोळखी वाटत असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला सोबत घ्या; ऐकीव आज्ञा चिकटवू नका.

प्रश्न : सुरक्षा दुरुस्ती लगेच चढवावी की महिनाभर थांबावे?

चाचणी झाली की त्याच दिवशी चढवा.