रविवारी चेंडू कोणाच्या हाती?
वाचकांचे प्रश्न, क्रीडाशिक्षकाची उत्तरे

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेतील मिसिसिपी स्टेट विद्यापीठात कापसाच्या पिकावर संशोधन करतो. पुढच्या महिन्यात एका शुक्रवार ते रविवारी त्यांच्या संघाचे ‘ओल मिस’ या विद्यापीठाशी बेसबॉलचे तीन सामने आहेत आणि त्या तीन दिवसांत प्रयोगशाळेत कोणीही सापडणार नाही, असे तो फोनवर सांगत होता. तेच दोन संघ लागोपाठ तीन दिवस कशासाठी खेळतात? पहिल्या दिवशी निकाल लागला की विषय संपत नाही का? मुलाशी या विषयावर चार शब्द बोलता यावेत म्हणून विचारतो. कोण जिंकेल, तेही सांगावे.
— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा तुमचा मुलगा चांगले देईल. त्यासाठी त्याला एवढेच विचारा : “रविवारी तुमचा पिचर कोण आहे?” त्याने चटकन नाव सांगितले, तर त्याच्या संघाची बाजू भक्कम आहे असे समजा. “ते अजून ठरायचे आहे” असे उत्तर आले, तर शुक्रवारी त्यांनी कितीही मोठा विजय मिळवला तरी मालिका हातची जाऊ शकते.

असे का, हे कळण्यासाठी पिचरचे काम समजून घ्यावे लागेल. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाज सहा चेंडू टाकून सीमारेषेकडे जातो आणि पुढचे षटक दुसरा टाकतो. बेसबॉलमध्ये तशी सोय नाही. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून, ६० फूट ६ इंचांवरच्या उंचवट्यावर उभा राहून एकच पिचर आपल्या संघासाठी प्रत्येक चेंडू टाकत राहतो, आणि थकला किंवा मार खाऊ लागला म्हणजे प्रशिक्षक त्याला बदलतात. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. चांगला पिचर एका सामन्यात नव्वद ते शंभर चेंडू पूर्ण ताकदीने खांद्यावरून फेकतो आणि त्यानंतर त्याच्या खांद्याला व कोपराला बरेच दिवस विसावा द्यावा लागतो. सकाळभर वखराला चाललेली जोडी दुपारी सोडावीच लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथल्या विद्यापीठीय खेळात हा विसावा साधारण आठवड्याचा असतो. म्हणून संघातील सर्वांत भरवशाचा पिचर शुक्रवारी, दुसऱ्या क्रमांकाचा शनिवारी आणि तिसरा रविवारी उतरतो, व पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिल्याची पाळी येते.

एक अव्वल पिचर बहुतेक संघांकडे असतो आणि बऱ्या संघांकडे दोन असतात, पण तिसरा फार थोड्यांकडे असतो. त्यातून नऊ डावांच्या सामन्यात सुरुवातीचा पिचर पाचव्या डावातच ढेपाळला, तर उरलेले डाव राखीव पिचर वाटून घेतात आणि शुक्रवारी वापरलेला राखीव पिचर रविवारी ताजा राहत नाही. त्यामुळे माझा हिशेब जरा उलटा वाटेल असा आहे. शुक्रवारी चार राखीव पिचर खर्चून ५-४ असा निसटता विजय मिळवणाऱ्या संघापेक्षा एकाच पिचरच्या बळावर आठ डाव काढून हरलेला संघ रविवारी पुष्कळदा बऱ्या स्थितीत असतो. मंगळवारी किंवा बुधवारी आठवड्यातला एखादा वेगळा सामना झाला असेल, तर त्यात कोणाला वापरले हेही मुलाला विचारा. शुक्रवारचा गुणफलक सगळेच पाहतात, पण जाणकार माणूस त्याखालची पिचरांची यादी वाचतो.

तीन सामने का, याचे कारण वेळापत्रकात आहे. हे दोन्ही संघ साउथईस्टर्न कॉन्फरन्स या सोळा विद्यापीठांच्या गटात खेळतात. प्रत्येक संघाला गटातील दहा प्रतिस्पर्ध्यांशी दहा आठवडाअखेरींना प्रत्येकी तीन, असे एकूण तीस सामने खेळावे लागतात आणि तक्त्यात प्रत्येक सामना स्वतंत्र मोजला जातो. म्हणजे शुक्रवारी हरलेल्याला अजून दोन संधी असतात. तीनपैकी दोन जिंकले की मालिका जिंकली. तिन्ही जिंकले तर त्याला ‘स्वीप’ म्हणतात, आणि शेजाऱ्याकडून स्वीप झालेला संघ ते वर्षभर ऐकून घेतो. या गटात सात डावांनंतर दहा धावांची आघाडी असेल तर सामना तिथेच थांबवतात, आणि हरणाऱ्या संघाच्याही ते पथ्यावर पडते, कारण त्याचे राखीव पिचर वाचतात.

आता या दोघांच्या वैराविषयी. ओल मिस म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. ते १८४८ सालचे, ऑक्सफर्ड नावाच्या गावातले. तुमच्या मुलाचे विद्यापीठ १८७८ साली शेती आणि यंत्रविद्येचे महाविद्यालय म्हणून स्टार्कव्हिलला निघाले. दोन्ही गावांमधले अंतर यवतमाळ-नागपूर एवढे, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर आहे, आणि दोन्ही गावांची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरचे विद्यापीठ एखाद्या खेळात दरवर्षी तीन दिवस समोरासमोर आले असते आणि दोन्हीकडचे माजी विद्यार्थी कुटुंबकबिल्यासह मैदानावर जमले असते, तर जे चित्र दिसले असते, ते तिथे दिसते. ‘शेतकी कॉलेजवाले’ हे चिडवणे तिकडेही आहे आणि ते अभिमानाने मिरवणारेही आहेत.

त्यात २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे आली. देशभरातील ६४ संघांतून गाळत गाळत शेवटचे आठ संघ जून महिन्यात नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे जमतात. १९५० पासून ही अंतिम स्पर्धा तिथेच होते. २०२१ साली मिसिसिपी स्टेटने ती जिंकली आणि कोणत्याही सांघिक खेळातले ते त्या विद्यापीठाचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद ठरले. या आनंदाला वर्ष होते न होते तोच २०२२ साली ओल मिसने ती जिंकली. गटात तीसपैकी चौदाच सामने जिंकलेला हा संघ ६४ जणांच्या यादीत अगदी शेवटी घेतला गेला होता, आणि तोच करंडक घेऊन परतला. तेव्हापासून त्या राज्यात “आम्ही आधी” आणि “आम्ही नंतर, पण तुमच्या नाकावर टिच्चून” हा वाद मिटलेला नाही. मुलाकडे हा विषय काढताना जरा जपून बोला.

सामने कोणाच्या मैदानावर आहेत हे तुमच्या पत्रात नाही, म्हणून दोन्ही मैदानांविषयी लिहितो. स्टार्कव्हिलचे मैदान डुडी नोबल या नावाने ओळखले जाते. तिथे डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे पूर्वी लोक आपापल्या मालवाहू गाड्या उभ्या करून, त्यांवर बसायची सोय करून, शेगडीवर मांस भाजत सामना पाहत असत. आता तिथे पक्के बांधकाम झाले आहे, पण धूर अजून निघतो आणि त्या बाजूला झेल घ्यायला धावणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या नाकात तो वास भरतो. १५ एप्रिल २०२३ रोजी याच दोन संघांच्या सामन्याला तिथे १६,४२३ प्रेक्षक होते, आणि विद्यापीठाच्या आवारातील बेसबॉल सामन्यासाठी तो देशातला उच्चांक ठरला. ऑक्सफर्डला उजव्या बाजूला विद्यार्थी उभे असतात. त्यांच्या खेळाडूने होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा थेट कुंपणापार फटका, मारला की हातातले बिअरचे पेले एकदम आकाशात उडतात. हे मुलाच्या आईला सांगायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

वेळेचे म्हणाल, तर एप्रिल महिन्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथे शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू होणारा सामना दारव्ह्याला शनिवारी पहाटे साडेचारला सुरू होईल, म्हणजे उन्हाळवाहीला निघण्याआधी पहिले दोन-तीन डाव सहज ऐकता येतील. रविवारी दुपारी दीडचा सामना मात्र आपल्याकडे त्याच दिवशी रात्री बाराला लागतो. त्या मोसमात तिकडेही आपल्या अवकाळीसारखी वादळे होतात. तशी चिन्हे असली की शनिवारीच दोन सामने उरकतात, आणि मग वर सांगितलेला सगळा हिशेब अधिकच घट्ट आवळला जातो.

प्रश्न : अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू लाकडी बॅटने खेळतात आणि विद्यापीठाचे खेळाडू धातूच्या. हा भेद का?
— एक विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : खर्चामुळे. लाकडी बॅट मोडते आणि छप्पन्न सामन्यांच्या हंगामात किती मोडतील याला गणती नाही. विद्यापीठीय खेळात १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅटला मान्यता मिळाली. पुढे त्या बॅटवरून चेंडू इतक्या वेगाने सुटू लागला की समोरच्या पिचरच्या जिवाची काळजी वाटू लागली, म्हणून २०११ पासून धातूच्या बॅटची उसळी लाकडाच्या जवळपास आणणारे नवे प्रमाण लागू झाले. तरीही आतल्या बाजूला बसलेला फटका लाकडी बॅट मोडतो आणि धातूच्या बॅटवरून तोच चेंडू टप्पा घेत मैदानात जातो. रविवारच्या थकलेल्या पिचरला याचा ताप अधिक होतो.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवते. आमचा मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ दरवर्षी जिल्हास्तरावर जातो, पहिला सामना हरतो आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतो. शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाशी अशी तीन सामन्यांची मालिका आम्हाला भरवता येईल का?
— एक शिक्षिका, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : मॅडम, अवश्य भरवा, आणि शक्य झाले तर याच वर्षी भरवा. बाद फेरीच्या स्पर्धेत वर्षभराच्या सरावाचे मोल सात डावांत ठरते आणि त्यात दुसऱ्या पिचरला कोणी चेंडू देत नाही, कारण हरण्याची भीती असते. मीही कधी दिला नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जिल्हा स्पर्धेत आमच्या संघाचे तीन सामने एकाच दिवशी आले आणि तिन्हींत मी एकाच मुलीला पिचर म्हणून उभे केले. तिसऱ्या सामन्याच्या चौथ्या डावात तिचा चेंडू हातातून निसटू लागला. मी मैदानात जाऊन पाहिले, तर उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाचा फोड फुटून चेंडूच्या शिवणीवर लाल डाग पडला होता. मी पट्टी बांधली, तर पंचांनी नियमावर बोट ठेवून ती काढायला लावली. ती मुलगी काही बोलली नाही. तिने बोट ओढणीला पुसले आणि पुन्हा चेंडू मागितला. बाकावर दुसरी पिचर बसलेली होती, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

शनिवारी दुपारी एक आणि रविवारी सकाळी व दुपारी एकेक, असे तीन सामने ठेवा. तिन्ही सामन्यांना वेगळी पिचर सुरुवात करील, ही अट दोन्ही महाविद्यालयांनी आधीच मान्य करावी. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हाताखालून टाकतात म्हणून खांद्यावरचा भार कमी असतो असे म्हणतात, पण तो नाहीसा होत नाही. या खेळात सुरुवातीच्या खेळाडूला बाहेर जाऊन एकदा परत येता येते. बेसबॉलमध्ये नसलेली ही सवलत मुलींना अनुभव देण्यासाठी वापरा. मैदान आखताना बेसमधले अंतर ६० फूट आणि मुलींसाठी पिचिंगचे अंतर ४३ फूट ठेवा. चौकोनाचे कोन चुकतात ही नेहमीची तक्रार असते, त्यासाठी होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत ८४ फूट १० इंचांची दोरी ताणून पाहा. ती बरोबर बसली की मगच फक्की मारा. पाहुण्या मुलींच्या एका रात्रीच्या मुक्कामाची सोय मैदानापेक्षा अवघड असते. गावातल्या पालकांनी घरी दोन-दोन मुली ठेवून घेतल्या तर तीही सुटते, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रेक्षकही येतात.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ज्वारीच्या राखणीला जातो आणि दोन्ही हातांनी सारखीच गोफण फिरवतो. बेसबॉलमध्ये असा दोन्ही हातांचा पिचर चालतो का?
— एक वाचक, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला

उत्तर : चालतो, पण विरळा. वर ज्या मिसिसिपी स्टेटचा विषय आला, त्याच संघात २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांत कुरासाओ बेटावर वाढलेला असा एक पिचर होता आणि २०२४ साली सिअ‍ॅटल मरिनर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या फेरीतच निवडले. उजव्या हाताच्या फलंदाजाला उजव्या हाताने आणि डावखुऱ्याला डाव्या हाताने चेंडू टाकणे पिचरला सोयीचे असते, त्यामुळे समोरच्या प्रशिक्षकाची फलंदाज बदलण्याची युक्ती त्याच्यापुढे चालत नाही.

त्याच्या आधी ओमाहाच्याच क्रेटन विद्यापीठातून आलेला पॅट व्हेंडिटी असा खेळत असे. २००८ साली कनिष्ठ व्यावसायिक सामन्यात त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला. फलंदाज बाजू बदलायचा, की हा हातमोजा दुसऱ्या हातात घालायचा, की तो पुन्हा बाजू बदलायचा. कित्येक मिनिटे एकही चेंडू पडला नाही. शेवटी पंचांना मध्ये पडावे लागले आणि पुढे नियम झाला की पिचरने कोणता हात वापरणार ते आधी दाखवावे. त्याच्या हातमोज्याला दोन्ही बाजूंना अंगठे, म्हणजे एकूण सहा बोटे होती. तसा मोजा मुद्दाम बनवून घ्यावा लागतो, त्यामुळे भावाने आधी भिंतीवर कोळशाने चौकोन काढून साध्या चेंडूने दोन्ही हातांचे नेम मोजावेत. शंभरपैकी किती चेंडू चौकोनात बसले ते हातागणिक वेगळे लिहून पाठवा.