तक्रार केली तर आधी माझंच पोरगं अडकेल ना?

मी समुपदेशक आहे. त्या ताई माझ्याकडे आल्या तेव्हा बाहेर पाऊस होता. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडून माझ्यासमोर ठेवली. आत बिअरच्या बाटलीची दोन बुचं होती. "धाकट्याच्या दप्तरात सापडली," एवढं बोलल्या आणि रडायला लागल्या.

ताई अंगणवाडी सेविका, यजमान एसटीत चालक. मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावीला. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहिण्याआधी दोघांनाही विचारलं आहे.) विचारल्यावर मुलानं लपवलं नव्हतं. स्टँडमागच्या बिअर शॉपीतून आणली, म्हणाला. तिथे वय कुणीच विचारत नाही. ताईंचा पहिला विचार होता, चप्पल घेऊन त्या दुकानावर जायचं. यजमानांनी अडवलं. "पोराचं नाव चार लोकांत होईल, गप्प बस."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकला आहे. "मॅडम, दुकानाची तक्रार केली तर आधी माझंच पोरगं अडकेल ना? पुण्यातल्या त्या गाडीच्या प्रकरणात पोराच्या बापालासुद्धा धरलं होतं."

ही भीती हवेतली नव्हती. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि त्यानंतर वडिलांनाही अटक झाली, हे घराघरांत पाहिलं गेलं. पण त्याच प्रकरणात त्या मुलांना दारू दिल्याच्या आरोपाखाली बारचे मालक आणि व्यवस्थापकही पकडले गेले आणि ते बार सील झाले, हे ताईंच्या लक्षात राहिलं नव्हतं. आईबापांच्या मनात फक्त बापाला झालेली अटक राहते. म्हणून मी आधी कायद्याचं बोलले, मुलाचं नंतर. घाबरलेल्या आईला मुलाच्या मनात काय चाललंय ते सांगून उपयोग नसतो, तिला ते ऐकूच येत नाही.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइन विकत घ्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात, बाकीच्या दारूला 25. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्या कलमात गुन्हेगार आहे तो देणारा, मुलगा नव्हे. कागदावर बघायला गेलं तर आपल्या राज्यात परवान्याशिवाय पिणं हाही गुन्हाच आहे, ते मी ताईंपासून लपवलं नाही. पण अठराखालच्या मुलाची बाब बाल न्याय मंडळापुढे जाते, त्याचं नाव वर्तमानपत्रात छापायला कलम 74 नं मनाई आहे आणि अशा किरकोळ बाबीमुळे पुढे नोकरीला कसलीही अपात्रता चिकटू नये यासाठी कलम 24 आहे. शिवाय दुकानाविरुद्ध अर्ज करताना आपल्या मुलाचं नाव घालावंच लागतं असं नाही. अल्पवयीन मुलांना अमुक दुकानात, अमुक वेळी माल मिळतो, एवढं लिहिलं तरी उत्पादन शुल्क निरीक्षकाला तपासणीला जाता येतं.

ताईंनी पदरानं डोळे पुसले. "म्हणजे नाव न घालता चालतं," असं दोनदा म्हणाल्या. तासाभरातलं खरं काम तिथे झालं.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला. दारातून वाकून आत आला, इतका उंच. ओठावर मिसरूड नव्हे, चांगली मिशी. मी नुसती बघत राहिले, कारण त्याला कुणीही बाविशीचा समजलं असतं. पहिला अर्धा तास तो फक्त "हो मॅडम", "नाही मॅडम" करत होता. मग मी विचारलं, तुला बिअरची चव आवडते का? तो हसला. "नाही आवडत. कडू लागते."

हळूहळू निघालं ते असं. दहावीपर्यंत हा वर्गात मागे बसणारा, वाढलेल्या अंगामुळे चिडवला जाणारा मुलगा. अकरावीत बारावीच्या टोळक्यानं त्याला हेरलं, मिशीमुळेच. त्यांच्यातल्या एकालाही दुकानात पाठवायची सोय नव्हती, सगळे पोरसवदा दिसत. हा जायचा, पैसे द्यायचा, पिशवी घेऊन यायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याची वाट बघत थांबायचं. एखादा घोट घ्यावा लागे, नाहीतर "पोलीस आहेस का" म्हणत. सगळा मिळून चार महिन्यांचा प्रकार.

विदेशी दारू प्यायला आपल्याकडे परवाना लागतो, एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो, वर्षाचा 100 आणि आजीवन 1000. चार महिन्यांत एकदाही त्याच्याकडे कुणी ना परवाना मागितला, ना आधार कार्ड. पाच रुपयांचा तो कागद भरायची वेळ आली असती, तरी वयाचा प्रश्न निघाला असता आणि पोरगं रिकाम्या हातानं परत आलं असतं. मला त्या दुकानदाराचा राग आला, आणि अजूनही येतो. काउंटरवरच्या माणसाला समोरच्याचं वय विचारायला दहा सेकंद लागतात.

तक्रारीचं मी मुलालाही विचारलं. आईबाप आणि समुपदेशक मिळून त्याच्या पाठीमागे अर्ज टाकतील आणि त्याला नंतर कळेल, हे मला मान्य नव्हतं. तो घाबरला. दुकानाची नाही, टोळक्याची भीती होती. "त्यांना कळलं मी सांगितलं तर?" आम्ही ठरवलं की अर्जात कॉलेजचा उल्लेख नको, मुलांचा नको, तारीख-वार फक्त ताईंनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले. ताई मग दोन संध्याकाळी स्टँडवर बसून राहिल्या, भाजीची पिशवी घेऊन. गणवेशातली दोन पोरं पिशवीत बाटल्या घेऊन बाहेर पडताना त्यांनी पाहिली. "त्यांच्या आया मला माहीत आहेत," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. तोवर हे फक्त त्यांच्या घरचं होतं.

अर्ज माझ्याच टेबलावर लिहिला. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. अनुज्ञप्ती, म्हणजे दुकानाचा विक्री परवाना, देणाऱ्या अधिकाऱ्याला ती निलंबित किंवा रद्द करता येते, महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 54 खाली. अटीचा भंग नोकरानं केला तरी तो मालकावर येतो, म्हणून "मी दुकानात नव्हतो, पोऱ्यानं दिली" ही सबब पुरी पडत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण लवकर ताब्यात घ्यावं, ही विनंती मी मुद्दाम घालायला लावली. ते काही दिवसांत पुसलं जातं आणि मग पुरावा उरत नाही.

महिनाभर काहीच हललं नाही. ताई रोज फोन करायच्या. या काळात त्यांच्या बचत गटातल्या बायकांनी आडव्या बाटलीचा विषय काढला. गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं आणि आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूनं, पुरेशी मतं पडली तर दुकान बंद होतं, हा 2008 पासूनचा रस्ता आहे. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. पण सह्या, पडताळणी, मतदान, यात किती काळ जाईल हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि पोरं त्या दुकानात आज जात होती. त्यामुळे दोन्ही करा, पण अर्जाचा पाठपुरावा सोडू नका, एवढंच मी म्हणाले. दुसऱ्या अर्जावर ताईंसोबत आणखी तिघी आयांच्या सह्या होत्या. मग तपासणी झाली, पंचनामा झाला, दुकानदाराला कारणे दाखवा नोटीस गेली, सुनावणी झाली. अनुज्ञप्ती 15 दिवसांसाठी निलंबित.

ताई माझ्यावर चिडल्या. "पंधराच दिवस? माझ्या चार महिन्यांच्या रडण्याचे पंधरा दिवस?" मी त्यांना समजावायला गेले नाही. मलाही ते कमीच वाटलं होतं. एवढं मात्र सांगितलं की हा भंग आता त्या दुकानाच्या नोंदीत आहे आणि पुन्हा प्रकार घडला तर सुनावणीत पहिली गोष्ट हीच निघेल. अनुज्ञप्ती दरवर्षी 31 मार्चला संपते आणि नूतनीकरण मागावं लागतं, म्हणून मार्चच्या आधी एक अर्ज पुन्हा द्या, असंही सुचवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मुलगा दर पंधरवड्याला येत होता. शटर खाली होतं तेव्हा त्याला वाटलं होतं की टोळकं दुसऱ्या गावच्या दुकानात पाठवेल, आणि तसं त्यांनी म्हटलंही. तो गेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, बस चुकली. पुढच्या वेळी म्हणाला, आई स्टँडवर बसते. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा काउंटरवर वयाची पाटी लागली होती आणि आधार कार्ड मागायला सुरुवात झाली होती. त्या आठवड्यात तो नेहमीपेक्षा लवकर आला, खुर्चीत सैल बसला.

"मॅडम, त्यांनी परवा पाठवलं होतं. मी गेलोच नाही, पाचच मिनिटं कोपऱ्यावर थांबलो आणि येऊन सांगितलं, कार्ड मागतात, देत नाहीत."

"मग?"

"मग काय, शिव्या दिल्या दुकानदाराला. मला कोण काय बोलणार?"

त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी आधी पाहिली नव्हती. पुढच्या भेटीला तो मिशी काढून आला. वडिलांच्या वस्तऱ्यानं कापलं होतं, वरच्या ओठावर बारीक खपली होती. कबड्डीच्या संघासाठी नाव दिलंय, सराव सहाला असतो, तर आपली वेळ साडेसातची करता येईल का, असं त्यानं विचारलं. मी डायरीत वेळ बदलली.