चाळिशीचा चष्मा हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न: मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, वय 48. पगार 42,000 रुपये हाती येतो. घरखर्च आणि मुलीचे शिक्षण वजा जाता महिन्याला 9,000 उरतात, त्यांतले 3,000 आवर्ती ठेवीत जातात. बचत खात्यात 40,000 आहेत. लांबचा आणि जवळचा असे दोन चष्मे आहेत, पण संगणकापुढे दोन्ही निरुपयोगी ठरतात. दुकानदाराने प्रोग्रेसिव्ह (लांबचे, मधले आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या) चष्म्याचे फ्रेमसह तीन दर सांगितले: 9,500, 16,500 आणि 34,000. सर्वांत चांगला घ्या, 12 बिनव्याजी हप्ते करून देतो, असे त्याचे म्हणणे आहे. रोख दिल्यास कोणत्याही चष्म्यावर 8 टक्के सूट आहे, जुना चष्मा दिल्यास आणखी 1,000 कमी होतील. गेल्याच महिन्यात मला मधुमेह निघाला असून गोळ्या सुरू आहेत. हप्ते घ्यावेत की आवर्ती ठेव मोडावी?

उत्तर: आपण विचारलेल्या दोन्ही पर्यायांना माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण पत्राच्या अखेरीस आपण ओघात लिहिलेल्या एका वाक्यात आहे. रक्तातील साखर वरखाली होत असताना डोळ्यातील नैसर्गिक भिंगाचा आकार आणि त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती बदलते, त्यामुळे त्या काळात काढलेला चष्म्याचा नंबर साखर आटोक्यात आल्यावर पुन्हा सरकू शकतो. आज काढलेल्या नंबरावर 34,000 रुपयांच्या काचा घासून घेतल्या आणि दोन महिन्यांनी त्या जुळेनाशा झाल्या, तर त्या परत घेणारा कोणी भेटणार नाही. म्हणून औषधाने साखर काही आठवडे स्थिर राहिल्याचे आपल्या डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच नंबर काढावा, आणि तोही नेत्रतज्ज्ञांकडे बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासून घ्यायला जाल त्याच भेटीत, पण बाहुली मोठी करण्याचे औषध घालण्यापूर्वी काढून घ्यावा. ही पडदा-तपासणी मधुमेह निघाल्यावर तशीही करायची असते आणि पुढे दरवर्षी करावी लागते. मिरजेसारखे वैद्यकीय गाव शेजारी असताना ती टाळण्याचे कारण नाही. त्या दिवशी औषधामुळे काही तास जवळचे धूसर दिसते, तेव्हा सौद्याचा दिवस सोडून जावे.

या थांबण्याचा आर्थिक लाभही आहे. दरमहा मोकळे राहणारे 6,000 रुपये तीन महिने बाजूला ठेवले तर 18,000 होतात, म्हणजे मधल्या दराचा चष्मा कोणतीही ठेव न मोडता रोखीने घेता येतो. आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास ठरलेल्या दरापेक्षा कमी व्याज मिळते, आणि बचत खात्यातील 40,000 ही रक्कम तर आपला सव्वा महिन्याचा खर्चही पुरता भागवत नाही. नव्याने मधुमेह निघालेल्या घरात तिला हात लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता ‘बिनव्याजी’ या शब्दाकडे वळू. 34,000 च्या चष्म्याची रोख किंमत 8 टक्के सूट धरून 31,280 होते. हप्त्याने घेतल्यास आपण दरमहा साधारण 2,833 रुपये बारा वेळा भरणार, म्हणजे 31,280 रुपयांच्या वस्तूसाठी 2,720 रुपये जास्त देणार. कर्जाची रक्कम दरमहा कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर हा दर वर्षाला 15 ते 16 टक्क्यांच्या घरात पडतो. त्यावर प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळेच. व्याजाला सूट हे नाव दिले म्हणून ते व्याज राहत नाही असे नाही.

मधलाच चष्मा का, हे समजण्यासाठी काचेची रचना पाहावी लागेल. या काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खाली जवळचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात नंबर हळूहळू वाढत जातो. नंबर असा पृष्ठभागावर बदलत नेला की पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसरपणा येतोच. 1959 मध्ये फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स या नावाने अशा काचा बाजारात आल्या तेव्हापासून रचना पुष्कळ सुधारली आहे, परंतु महाग काच हा धूसरपणा पसरवून सौम्य करते, नाहीसा करीत नाही. जवळची जोड, म्हणजे लांबच्या नंबरात वाचनासाठी घातलेली भर, जितकी जास्त, तितका तो धूसरपणा अधिक. 48 व्या वर्षी ही जोड सहसा मध्यम असते, त्यामुळे सर्वांत महाग रचनेचा आपल्याला होणारा जादा उपयोग 17,500 रुपयांच्या फरकाइतका नसेल, असे माझे मत आहे. शिवाय साठीपर्यंत जवळचा नंबर वाढत राहतो. मी चष्म्याचे आयुष्य दोन वर्षेच धरतो, आणि त्या हिशेबाने रोख दराचा महागडा चष्मा महिन्याला सुमारे 1,300 रुपयांना पडतो, मधला सुमारे 630 रुपयांना. 9,500 चा मी सरसकट नाकारत नाही, मात्र त्यात मधला पट्टा सहसा अधिक अरुंद असतो, आणि आपली तक्रार नेमकी संगणकाच्या अंतराचीच आहे.

पैसे खरे वाया जातात ते मापात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः 22,000 रुपयांचा असा चष्मा केला होता. दुकानातील मुलाने मी बाकावर पोक काढून बसलेलो असतानाच फ्रेमवर खुणा केल्या आणि काचा जवळपास 3 मिलिमीटर खाली बसल्या. वाचताना मला पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी मान वर करावी लागे. तीन आठवडे मी सवय होत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत राहिलो, आणि बदलून मागायला गेलो तेव्हा पावतीवर काहीच लिहिलेले नव्हते. म्हणून आधी फ्रेम निवडून ती नाकाकानांवर नीट बसवून घ्यावी, मग ताठ उभे राहून किंवा बसून समोर पाहत असताना प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीची खूण नमुना काचेवर वेगवेगळी करून घ्यावी, आणि फ्रेम बदलली तर मापही नव्याने घ्यायला लावावे. फार कमी उंचीच्या फ्रेममध्ये खालच्या वाचनाच्या भागाला जागाच उरत नाही. ठरावीक दिवसांत जुळला नाही तर काचा विनामूल्य बदलून मिळतील, हे वाक्य दिवस लिहून पावतीवर घ्यावे. कोणी नकार दिला तर सांगलीत दुसरी दुकाने आहेत. चष्म्याच्या काचा आणि फ्रेम यांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलातील तो आकडाही पाहावा.

सवय होण्यास काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. बाजूला पाहताना नुसते डोळे न फिरवता मान वळवावी, जिना उतरताना हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून पायरी पाहावी, आणि सुरुवातीचे काही दिवस दुचाकी चालवू नये. संगणकाचा पडदा उंचावर असेल तर तो खाली घ्यावा. हा उपाय फुकट आहे आणि मानेला फार उपयोगी. हळदीची धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण तिच्यासोबतचे मातीचे कण काचेवरच्या लेपावर चरे पाडतात. आधी पाण्याखाली धरून मग मऊ कापडाने टिपावे.

साध्या आरोग्य विम्यात किंवा त्याच्या करवजावटीत चष्म्याचा खर्च बसत नाही, त्यामुळे तिथून काही परत मिळेल असे हिशेबात धरू नये. जुना चष्मा मात्र 1,000 रुपयांसाठी देऊ नये. साखर स्थिर होईपर्यंतचे तीन महिने तोच वापरायचा आहे, आणि नंतरही नव्याच्या काचा बदलायला जातील तेव्हा दुकानात वही लिहायला तोच लागेल.