मोहरी लावून रानातील शिसे निघेल का?

प्रश्न : बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचे एक एकर मसारीचे (तांबड्या मातीचे) रान आहे. बांधालगत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याची भट्टी होती, ती आता बंद आहे. मोहरी जमिनीतील शिसे शोषून घेते असे ऐकले. दोन-तीन वर्षे मोहरी घेऊन नंतर रताळी लावावीत का? – एक शेतकरी

उत्तर : मोहरी शिसे शोषते हे खरे, परंतु दोन-तीन वर्षांत रान स्वच्छ होणार नाही. एकरभर रानातील वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. तिच्यातून किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे कमी करायचे, तर ९० किलो शिसे उपसावे लागेल. एका पिकाचा वाळलेला पाला २ टन निघाला आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे उतरले, असे सढळ हाताने धरले, तरी हाती २०० ग्रॅमच लागतात, म्हणजे साडेचारशे पिके घ्यावी लागतील! शिसे तांबड्या मातीतील लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटते आणि झाडात शिरलेल्यापैकी बहुतेक मुळांतच अडकते. ईडीटीएसारखे रसायन घालून ते सुटे करता येते. मात्र सुटलेले शिसे पावसाबरोबर विहिरीकडे झिरपण्याचा धोका असतो, आणि आपल्याकडचा पावसाळा पाहता मी तो सल्ला देणार नाही.

आर्सेनिक साठवणारे टेरिस व्हिटाटा नावाचे नेचे २००१ साली जगापुढे आले, त्यामुळे झाडांकरवी जमीन स्वच्छ करण्याची ही विद्या पोकळ नव्हे. शिशापुढे ती तोकडी पडते, इतकेच.

त्यामुळे शिसे उपसण्यापेक्षा ते जागीच रोखणे शहाणपणाचे. माती आम्लधर्मी निघाल्यास चाचणीनुसार चुना द्यावा, शेणखत घालावे, बांधावर वाळा लावावा आणि धूळ उडू नये म्हणून रान गवताने झाकलेले ठेवावे. हे गवत जनावरांना घालू नये, चुलीतही जाळू नये. रताळ्याच्या सालीला माती चिकटून घरात येते, त्यामुळे माती तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत रताळी आणि पालेभाजी दोन्ही टाळावीत.

मृदा आरोग्य पत्रिकेत शिशाची नोंद नसते. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करताना शिशाची तपासणी हवी, असे स्पष्ट सांगावे. भट्टीजवळची आणि लांबची माती एकाच पिशवीत भरू नये, कारण कदाचित भट्टीलगतचा लहानसा पट्टाच तेवढा खराब झालेला असेल.