चवथीच्या मदतीला घेतलेल्या माणसांचे पैसे, टीडीएस आणि एक वही

प्रश्न : आमचं फोंड्याला लाडू-नेवऱ्यांचं छोटं दुकान आहे, माझ्या एकटीच्या नावावर. वर्षाची विक्री 35 लाखांच्या आसपास, कायमची माणसं 4. चवथीच्या आधी महिनाभर 3 बायका जास्तीच्या घेते आणि पॅकिंगला एक ठेकेदार आपली 3 पोरं घेऊन येतो. आदल्या दिवशी सगळं रोख देऊन टाकते, बायकांना प्रत्येकी 18 हजार, ठेकेदाराला 45 हजार. भाऊ म्हणतो टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापला नाहीस, नोटीस येणार. खरंच येईल काय?

उत्तर : ताई, भावाला म्हणावं जरा दम धर. धंदा एकाच्याच नावावर असला तर आदल्या वर्षी विक्री 1 कोटीच्या वर गेलेली असेल तरच ठेकेदाराचा टीडीएस कापावा लागतो, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. उद्या भावाला पार्टनर करून घेतलंत तर मात्र ही सूट गेली, मग एका वेळी 30 हजारांच्या वर दिले की 1 टक्का, म्हणजे तुमच्या 45 हजारांवर 450 रुपये, आणि त्याने पॅन दिला नाही तर थेट 20 टक्के. बायकांचा तो पगार, आणि वर्षाची कमाई टॅक्स लागण्याएवढी नसेल तर त्यातून काही कापायचं नाही.

तुमची खरी चूक वेगळीच आहे, ती म्हणजे आदल्या दिवशी एकदम रोख देणं. एका माणसाला एका दिवसात 10 हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च हिशेबात धरत नाहीत, म्हणजे तुमचे 54 आणि 45 मिळून 99 हजार खिशातून गेले तरी कागदावर नफाच, आणि टॅक्स त्याच्यावर! बायकांना दर शनिवारी द्या, नाहीतर बँकेतून, यूपीआयने द्या; ठेकेदाराला मात्र बँकेतूनच, कारण त्याचे 45 हजार चार शनिवारांत वाटले तरी दर वेळी 10 हजारांच्या वर जातात. रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरून रिटर्न भरायची सोपी पद्धत घेतली असेल तर ही अडचण येत नाही, पण वही तरीही ठेवा : नाव, किती दिवस, काय दराने, सही किंवा अंगठा, सोबत आधारची झेरॉक्स. दरवर्षी त्याच बायका येतात, वही कशाला, असं बरेच जण म्हणतात, आणि मग एखादीशी पैशांवरून वाजलं की दाखवायला चिठ्ठीसुद्धा नसते.

आणि एक, जे तुम्ही विचारलंच नाही. ठेकेदाराची पोरं तुमच्याच जागेत काम करतात ना, मग ईएसआयसाठी (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) तीही मोजली जातात. 4 अधिक 3 अधिक 3, झाले 10, आणि ईएसआयची हद्द 10 लाच सुरू होते! एकदा लागू झालं की चवथीनंतर माणसं परत 4 वर आली तरी सुटका नाही. यंदा पोरं बोलवायच्या आधी अकाउंटंटसोबत बसून ही मोजणी करा, आणि पॅकिंग ठेकेदाराच्या जागेत होऊ शकतं का तेही बघा.

प्रोफेशनल टॅक्सचं कोणी घाबरवलं तर लक्ष देऊ नका, तो सावंतवाडीवाल्यांना, आपल्या गोव्यात नाही.