मंत्रालयाच्या बीटवरून कंपनीच्या केबिनमध्ये: पगार दुप्पट, पण किती वर्षं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात राजकीय बातमीदार. एकूण अनुभव २२ वर्षं, त्यातली १० वर्षं ५ महिने सध्याच्या दैनिकात. हातात ६८ हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३० हजार. मुलगी अकरावीत. डोंबिवलीच्या घराचं २४ लाखांचं कर्ज बाकी, हप्ता २८ हजार, अजून ११ वर्षं. पीएफमध्ये १९ लाख, मुदत ठेवीत ३ लाख. पायाभूत सुविधांची कामं करणाऱ्या एका कंपनीने ‘कॉर्पोरेट अफेअर्स’साठी वर्षाला २४ लाख देऊ केलेत. नोकरी घ्यावी का? घेतली तर पीएफचे १९ आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मालक सेवेच्या वर्षांवर देतो त्या रकमेचे) ५ लाख काढून घर एकदाचं कर्जमुक्त करावं का?

नोकरी घ्या. पीएफला हात लावू नका.

आता सविस्तर. २४ लाख म्हणजे महिना दोन लाख, असा हिशेब तुम्ही पत्रात मांडलाय. तो सोडून द्या. प्रस्तावाचं पत्र नीट वाचलं तर त्यात ४ लाख ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे कंपनी आणि तुमचा साहेब दोघेही खूश असतील तर वर्षाअखेरी मिळणारे. उरले २० लाख. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा १ लाख २० हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद ४८ हजारांच्या आसपास आणि विम्याचा हप्ता आहे. हे पैसे तुमचेच, पण महिन्याच्या खर्चाला उपयोगाचे नाहीत. मग तुमचा स्वतःचा पीएफचा वाटा तेवढाच, वर आयकर. आज नव्या करप्रणालीत तुम्हाला एक रुपया कर लागत नाही, कारण पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे. ती मर्यादा ओलांडली की कर चार लाखांच्या पुढच्या टप्प्यापासून मोजला जातो. तुमच्या बाबतीत तो दीड लाखाच्या थोडा वर जाईल. सगळं वजा जाता हातात महिना १ लाख २८ हजार पडतील. म्हणजे वाढ ६० हजारांची. पुढचं सगळं गणित या ६० हजारांवर करायचं.

ही वाढ कंपनी कशासाठी देतेय? तुमच्या लेखणीसाठी नव्हे. प्रसिद्धिपत्रक लिहायला तिला पंचविशीतला मुलगा तीस हजारांत मिळतो. ती देतेय तुमच्या फोनमधल्या नंबरांचे पैसे. कोणता सचिव फाईल कुठे अडवतो, कोणत्या मंत्र्याच्या स्वीय सहायकाशी बोललं की निरोप खरंच पोचतो, कोणत्या आमदाराचा विरोध मनापासूनचा आणि कोणाचा नुसता सभागृहापुरता, या माहितीचे. आणि ही माहिती नासते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, मुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर, किती वेळा पाट्या बदलल्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटेच्या शपथविधीपासून सगळ्या बातम्या तुम्हीच दिल्यात. बातमीदार असताना सरकार पडलं की तुमचा भाव वाढतो. कंपनीत गेल्यावर तेच सरकार पडलं तर तुमच्या पगारावर प्रश्नचिन्ह लागतं. शिवाय बीटवरून, म्हणजे नेमून दिलेल्या बातमीच्या क्षेत्रातून, उठलात की नवे नंबर मिळत नाहीत, जुने निवृत्त होत राहतात.

म्हणून ही नोकरी ५८ पर्यंतची धरू नका. तीन वर्षांची धरा, जास्त टिकली तर आनंदच.

तीनच का? साधा हिशेब करू. ६० हजारांची वाढ तीन वर्षं मिळाली तर साडेएकवीस लाख होतात. त्यानंतर कंपनीने नारळ दिला, पेपरात परतायची वाट बंद, आणि भाषांतर, सल्ला, कुणाच्या निवडणुकीचं काम असं करून महिना ५० हजारच मिळू लागले असं धरा. आजच्यापेक्षा १८ हजार कमी, उरलेली आठ वर्षं. तूट सव्वासतरा लाखांची. (वाढ आणि महागाई दोन्हीकडे सारखीच धरलीय.) म्हणजे तीन वर्षं टिकलात तर वाईटात वाईट परिस्थितीतही थोडे पुढेच राहता. दीड वर्षात बाहेर पडावं लागलं तर मात्र कमाई पावणेअकरा लाख आणि तूट वीस लाखांच्या वर. अर्थात हे सगळं कधी, तर वाढीव पैसा खाऊन टाकला नाही तर.

‘पेपरात निदान सुरक्षित तरी आहे’ असं तुमच्या पत्नी म्हणतात. त्यांची काळजी समजते, पण २०२० मध्ये आवृत्त्या बंद पडताना आणि पगार कापले जाताना तुम्ही दोघांनीही पाहिलंय. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना नोव्हेंबर २०११ ची, सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली फेब्रुवारी २०१४ मध्ये, तरी थकबाकीसाठी कामगार आयुक्तांकडे खेटे घालणारे तुमचेच सहकारी आहेत. तुमचाही दावा असेल तर तो पैसा हिशेबात धरू नका, पण सोडूनही देऊ नका. बाहेर पडताना ‘माझं काहीही येणं नाही’ अशा कागदावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. दोन हजारांची फी वाचवायची जागा ही नव्हे.

आता तुमचा कर्जमुक्तीचा बेत. आकडा बरोबर २४ वर जुळला म्हणून तो फार देखणा दिसतो, पण त्यात पहिली चूक ग्रॅच्युइटीची. ती बावीस वर्षांवर मिळणार नाही, सध्याच्या मालकाकडे झालेल्या सेवेवरच मिळेल. ३८ हजार मूळ वेतनावर पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, होतो २१,९२३ रुपये. त्याला दहा वर्षांनी गुणा: २ लाख १९ हजार. पाच लाख नाहीत.

दुसरी गोष्ट पीएफची. तुम्ही नोकरी सोडून घरी बसत नाही आहात, एका नोकरीतून दुसरीत जाताय. खातं नव्या कंपनीकडे वळवायचं असतं, मोडायचं नसतं. व्याजाची तुलना केली तर कर्ज साडेआठ टक्क्यांचं, पीएफ सव्वाआठचा आणि करमुक्त. म्हणजे मोडून हातात काहीच पडत नाही. दर असाच राहिला तर याच १९ लाखांचे तुमच्या ५८ व्या वर्षी ४५ लाख होतील. आणि हा पैसा लागणारच आहे, कारण पीएफसोबतची पेन्शन सहसा काही हजारांतच राहते. पन्नाशीत नोकरी गेली तर कर्ज नसलेलं घर आणि रिकामं खातं घेऊन बसाल. घराची भिंत विकून मुलीची फी भरता येत नाही. घरासाठी पीएफमधून अंशतः रक्कम काढायची सोय आहेच. तो दरवाजा अडचणीच्या दिवसांसाठी ठेवा. जुन्या दैनिकाचं पीएफ खातं एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) आलंय का आणि तिथली सोडल्याची तारीख नोंदली गेलीय का, हे मात्र याच आठवड्यात बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

कर्ज फेडायचंच आहे, पण पगारातून. वाढलेल्या ६० हजारांतले २५ हजार दर महिन्याला कर्जात जादा भरा. तरत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. ११ वर्षांचं कर्ज साडेचार वर्षांच्या थोडं पुढे जाऊन संपेल. बँकेला हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला लेखी सांगा. २० हजार बाजूला टाका: मुदत ठेवीचे ३ लाख, ग्रॅच्युइटी आणि पहिल्या वर्षाचा व्हेरिएबल मिळाला तर तोही त्यातच. व्हेरिएबल निम्मा जरी मिळाला तरी वर्षभरात नऊ-दहा लाख जमतील, म्हणजे तुमच्या घराचा एका वर्षाचा खर्च, हप्त्यासकट. तोवर म्युच्युअल फंडाचं नाव काढू नका. त्यानंतर तेच २० हजार मुलीच्या पदवीसाठी. उरलेले १५ हजार खर्च करा, बिनधास्त. नवे कपडे लागतील, आणि डोंबिवली लोकलची सवय मोडून रोज टॅक्सी करण्याचा मोहही होईल. गाडी मात्र तीन वर्षं नको.

व्हेरिएबलच्या अटींवर मी अडलोय. पत्रात ‘परवानग्या आणि मंजुऱ्यांमध्ये साहाय्य’ असं मोघम वाक्य आहे. तुमचे चार लाख एखादी विशिष्ट फाईल सुटण्यावर अवलंबून ठेवले जाणार असतील तर ते लगेच बदलून घ्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ७अ वाचा. लोकसेवकाकडून गैरवाजवी काम करून घेण्यासाठी आपलं व्यक्तिगत वजन वापरून मोबदला घेणाऱ्यालाही ते लागू आहे, आणि शिक्षा किमान तीन वर्षांची. राज्याच्या धोरणांचा अभ्यास, माध्यमांशी संपर्क, अहवाल असं काम लेखी असू दे. नैतिकतेबद्दल मी बोलत नाही, तो तुमचा प्रश्न. पण जेलमधल्या माणसाचं आर्थिक नियोजन मला जमत नाही.

काही गोष्टी निमूट सुटतील. अधिस्वीकृती पत्रिका (सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र) जाईल, तिच्यासोबत एसटीचा मोफत प्रवास आणि म्हाडाच्या सोडतीतला पत्रकार कोटा. बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाच्या ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेसाठीही बावीस वर्षांचा अनुभव पुरत नाही. महत्त्वाचं आहे ते विम्याचं: पेपरचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो, नव्या कंपनीचा तिथली नोकरी संपेल त्या दिवशी संपेल. तुम्हाला मधुमेह आहे असं लिहिलंय. तुम्हा तिघांचा, पण स्वतःच्या नावाचा दहा लाखांचा आरोग्य विमा राजीनाम्याआधी घ्या. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, म्हणजे ही नोकरी डळमळायच्या सुमारास ती संपलेली असेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. आईवडिलांसाठी वेगळी पॉलिसी बघा. त्यांना यात घातलं तर हप्ता दुप्पट होईल.

शेवटचं, तारखेचं. कंपनी म्हणतेय, एक तारखेला रुजू व्हा, दोन महिन्यांच्या नोटिशीचे पैसे आम्ही भरतो. नको म्हणा. आज तुमची सेवा १० वर्षं ५ महिने आहे. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. दोन महिने नोटीस पाळलीत तर अकरा वर्षं मोजली जातील आणि २ लाख १९ हजारांचे २ लाख ४१ हजार होतील. त्या दोन महिन्यांत साठलेल्या रजा घेऊ नका, त्यांचे पैसे घ्या. आणि कार्यालयाच्या ईमेलमधून स्वतःच्या पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र आणि फॉर्म १६ उतरवून ठेवा. राजीनामा दिलेल्या संध्याकाळीच लॉगिन बंद करणारी कार्यालयं आहेत.