पिलाचे पाय फाकले असतील तर पट्टी आजच बांधा

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून गोष्ट अशी दिसते. कोंबडीखाली पिल्लं निघाली, कोंबडी त्यांना तुडवते म्हणून तुम्ही पिल्लं खोक्यात काढली आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. तिसऱ्या दिवशी एकाचे दोन्ही पाय बाजूला फाकायला लागले. ते पोटावर सरकतं, पण ओरडतं जोरात आणि समोर ठेवलेले दाणेही टिपतं. सासूबाई म्हणतात तेलानं चोळ, शेजारचे म्हणतात टाकून दे.

टाकू नका. पिलू खातंय, ओरडतंय आणि वय तीन दिवसांचं आहे, म्हणजे हे पाय सरळ होण्याची आशा चांगली आहे. फक्त काम आजच करा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका. या वयात हाडं आणि सांधे कोवळे असतात म्हणून पाय जागेवर आणता येतात. आठवडा उलटला की ते त्याच वाकड्या ठेवणीत घट्ट होतात, मग पट्टी बांधूनही फारसा उपयोग होत नाही.

बांधण्याआधी पिलू उजेडात हातावर घ्या आणि दोष नेमका कुठे आहे ते बघा. बोटांना किंवा नळीला धागा, केस गुंडाळलेला नाही ना, हे सगळ्यात आधी. पोत्याचा एक धागा पाय सुजवायला पुरतो. मग मधला सांधा, म्हणजे मागे वळणारा, दोन्ही पायांचा सारखा आहे का बघा. एकीकडचा सुजलेला, मागून सपाट वाटत असेल आणि पाय पिळल्यासारखा बाहेर वळला असेल, तर तिथली शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जागेवरून सरकलेली असते. ते पट्टीचं काम नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सांधे ठीक आहेत आणि पाय फक्त मांडीपासून बाहेर जातात, असं असेल तर तुमच्या पिलाचे पाय नुसते फाकले आहेत.

पट्टीसाठी मेडिकलमधली साधी बँडेड पुरते. ती लांबीत मधोमध कापून अरुंद करा. गादीचा भाग दोन पायांच्या मध्ये येऊ द्या आणि दोन्ही टोकं मधल्या सांध्याच्या खाली, नळीवर, सैलसर गुंडाळून परत पट्टीवरच चिकटवा. दोन पायांत साधारण एक इंच अंतर राहिलं पाहिजे, म्हणजे पाय अंगाखाली येतात आणि पिलाला छोटं पाऊल टाकता येतं. पाय एकमेकांना चिकटवून बांधले तर ते तोंडावर पडतं. रबरबँड किंवा शिवायचा दोरा चुकूनही नको, रक्त थांबून पंजा जातो. एकानं पिलू कापडात धरावं, दुसऱ्यानं बांधावं. पाय ओढून-ताणून सरळ करू नका, जेवढा सहज येतो तेवढाच आणा.

सुरुवातीला ते धडपडेल, उलटं पडेल. घाबरू नका, उठवून उभं करा. अगदीच तोल जात असेल तर चहाच्या कपात कापड कोंबून त्यात थोडा वेळ बसवा, पाय आपोआप पोटाखाली राहतात. सकाळ-संध्याकाळ बोटं बघा: सूज किंवा निळसरपणा दिसला की पट्टी लगेच सैल करा. पिलू भराभर वाढतं, म्हणून दर दोन दिवसांनी पट्टी नव्यानं बांधा आणि मधल्या वेळात चालवून बघा. बहुतेक पिल्लांना तीन ते पाच दिवस पुरतात.

तेल मात्र नको. पिसं चिकटतात, ऊब जाते आणि थंडावलेलं पिलू पायाआधी जीवानं जातं.

आता खोकं. वर्तमानपत्र आजच काढा, खरा गुन्हेगार तोच आहे. गुळगुळीत कागदावर पिलाला पकड मिळत नाही, पाय बाजूला घसरत जातात आणि तीच सवय सांध्यांना लागते. खाली जुन्या सुती लुगड्याचा घट्ट विणीचा तुकडा अंथरा, किंवा पुठ्ठ्याची नालीदार बाजू वर करून ठेवा. धानाचा कोंडा, म्हणजे तूस, मिळत असेल तर दोन इंच थर उत्तम. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना तो सहज मिळतो, आपल्या कापूस-तुरीच्या भागात राईस मिल शोधावी लागते. सोयाबीनचं कुटार कोरडं आणि बारीक असेल तर चालतं, बुरशी लागलेलं अजिबात नको. बांधलेल्या पिलासोबत एक शांत पिलू ठेवा, बाकीची वेगळी, कारण धडपडणाऱ्याला इतर टोचतात. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून. पाय बांधलेलं पिलू बशीतसुद्धा बुडू शकतं.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पातळीला सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर लावा, म्हणजे नको असेल तेव्हा त्यांना सरकता येतं. रात्री लाइन गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच हवा. चोच उघडून धापा टाकत असतील तर खोकं सावलीत हलवा.

खाण्याबद्दल मला काळजी वाटते, कारण तुम्ही फक्त तांदळाची कणी देताय. कणीनं पोट भरतं, पण पायांना लागणारं बी-टू जीवनसत्त्व (रायबोफ्लेविन) आणि मँगनीज हे खनिज तिच्यातून पुरेसं मिळत नाही. बी-टू कमी पडलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बोटं आत वळतात आणि पिलू मधल्या सांध्यावर टेकून चालतं. चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिलांचं तयार खाद्य, आणा. तोवर उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर द्या. टॉनिक घेताना बाटलीवर रायबोफ्लेविन लिहिलंय का वाचा, कारण काही टॉनिकांत अ, ड, ई आणि बी-१२ एवढंच असतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिलांना घालू नका, त्यातला जास्तीचा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. महिना-दीड महिन्याच्या किंवा त्याहून मोठ्या पिलाचा एक पाय पुढे, एक मागे असा पडला तर तो मॅरेक्स हा विषाणूचा रोग असू शकतो, त्यावर औषध नाही. आणि लंगडण्याबरोबर मान वळणं, हिरवी विष्ठा, धाप असं अनेकांत दिसलं तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय धरा. आजारी वेगळी करा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून पशुवैद्यकांना सांगा. तुमची पिल्लं निरोगी दिसतात, तर पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब टाकून घ्या. बांधलेल्या पिलालाही द्या, ते खात-पीत असेल तर पट्टीची अडचण नाही.